पाखाडीखालची विहीर

ईरा, निहार,

स्वारगेटच्या स्थानकावर सकाळी सहाला रत्नागिरीची गाडी लागली तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत दोन साड्या, औषधं आणि जादा चष्मा. दुसरीत टॉवेलात गुंडाळलेल्या सहा धुतलेल्या बाटल्या, त्यांतली एक काळ्या काचेची, पाण्यातलं नायट्रेट तपासायचा लहानसा संच, चिकटवायच्या पट्ट्या आणि न पुसणारं पेन. कंडक्टरने दुसरी पिशवी वरच्या फळीवर टाकायला हात पुढे केला.

"ही मांडीवर राहील," मी म्हटलं.

"लोणच्याच्या बरण्या काय, आजी?"

"रिकाम्या बाटल्या."

"लोक तिकडून भरलेल्या आणतात, तुम्ही रिकाम्या नेताय?"

"मीसुद्धा भरूनच आणणार आहे." तो हसत पुढे गेला. मला मात्र हसू येत नव्हतं. मी का निघाले होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे तेव्हा शारदा नावाची एक विद्यार्थिनी होती. वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होती. दुसऱ्या वर्षानंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं. आता ती रत्नागिरी तालुक्यातल्या आपल्या सासरच्या गावी अंगणवाडी सेविका आहे. नवरा मुंबईत नोकरीला. घरी ती आणि तिची सासू, भागीरथीबाई. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जानेवारीत शारदाचा फोन आला. मुलगी स्नेहल बाळंतपणाला आलेली, मुलगा झालेला. स्नेहलला दूध पुरत नव्हतं म्हणून डब्यातल्या पावडरीचं दूध पाण्यात कालवून बाटलीने देत होते. आणि बाळाचे ओठ मधूनच निळसर दिसत होते. गावाजवळच्या दवाखान्यात छाती तपासली, तिथे काही सापडलं नाही.

"मॅडम, तुम्ही नायट्रेट शिकवताना लहान बाळांचं काहीतरी सांगितलं होतं ना?" शारदाने विचारलं. इतक्या वर्षांनी तिला ते आठवलं. मला तिचा अभिमान वाटला.

मी सांगितलं होतं ते असं: पाण्यात नायट्रेट फार झालं की तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही आणि बाळ निळं पडायला लागतं. मोठ्या माणसांना तेच पाणी पिऊन लगेच काही होत नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मी तिला एक बाटली भरून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवायला सांगितलं. बाटली आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत मी स्वतः ते पाणी तपासलं. पाणी उत्तम निघालं. मी तसं लिहून, खाली सही करून, त्या कागदाचा फोटो शारदाला पाठवला आणि फोनवर म्हटलं, "विहीर चांगली आहे. निर्धास्त वापरा."

निर्धास्त! दोन आठवड्यांनी तिचा पुन्हा फोन आला. या वेळी ओठांबरोबर नखंही निळी होती. तिला मी संध्याकाळी "उद्या येते" म्हटलं आणि रात्री बाटल्या धुतल्या.

कराडच्या पुढे मलकापूरपर्यंत प्रवास सुरळीत झाला. आंबा घाटात गाडी गरम होऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, झाकण उघडून वाफ सोडली आणि प्रवाशांना म्हणाला, "पाणी हवंय. जरा खाली झरा आहे. कुणाकडे बाटल्या आहेत?" सगळ्या गाडीने माझ्या मांडीकडे बघितलं. कंडक्टरने ते आधीच जाहीर केलेलं होतं.

"या बाटल्या मिळणार नाहीत," मी म्हटलं. "त्या तपासणीच्या आहेत. एकदा दुसरं पाणी गेलं की बाद."

"अहो, पाण्याच्याच बाटल्या ना?" मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या. "गाडी मरतेय आणि ह्या बाटल्या जपतायत."

मी बाटल्या दिल्या नाहीत. टॉवेल दिला, गरम झाकण परत लावायला. शेवटी कुणाच्या तरी तेलाच्या डब्यातून पाणी आलं. साखरप्यापर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. घाट उतरल्यावर हवा दमट झाली, तांबडी माती आणि काजूची झाडं सुरू झाली, आणि प्रत्येक सड्यावर (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार) कलमांच्या रांगा दिसायला लागल्या. फेब्रुवारीचा महिना, कलमं मोहोराने पिवळसर झालेली. तुम्ही तिकडे परदेशात ज्या हापूसची वाट बघता त्याचाच हा मोहोर. एरवी मी खिडकीला डोकं लावून बघत बसले असते.

पालीला शारदा रिक्षा घेऊन उभी होती. केस पांढरे व्हायला लागलेत. वाकून नमस्कार करायला लागली तशी मी तिला थांबवलं. "बाळ कसं आहे?"

"झोपलाय. जास्तच झोपतो, मॅडम."

शारदाचं घर बौद्धवाडीत, आणि ती वाडी गावाच्या खालच्या अंगाला आहे. रिक्षा वरच्या वाडीत, देवळापाशी थांबते. तिथून खाली पाखाडीने जायचं. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. मोजून नव्वदच्या वर पायऱ्या आहेत आणि माझ्या गुडघ्यांनी त्या प्रत्येकीची स्वतंत्र नोंद घेतली. नळाचा पाइप वरच्या वाडीत देवळापर्यंत येऊन थांबलेला आहे. खाली वाडीला एक विहीर.

भागीरथीबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं. ऐंशीच्या पुढच्या, बारीक, ताठ. कुळथाचं पिठलं, भात आणि सुकट तयार होती. "आधी जेव, बाय. मंग बघ काय ता."

मी आधी बाळ बघितलं. स्नेहलच्या मांडीवर इवलासा, कपाळाला काजळाचा ठिपका. ओठांची कड जांभळट. नंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीकडे बघितलं. पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं. चांगलं अर्धं आटलेलं.

"किती वेळ उकळतेस?"

"अर्धा तास," स्नेहल कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "दवाखान्यात सांगितलंय, पाणी चांगलं उकळूनच बाळाला द्या. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ताही आहे. आई तर आणखी उकळायला सांगते."

मुलांनो, उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. पाणी आटतं आणि ते मात्र तेवढंच उरतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते दाट होतं. ही मुलगी रोज पहाटे उठून, धूर सोसून, आपल्या बाळासाठी ते विष घट्ट करत होती. कारण कोणीतरी सगळ्या महाराष्ट्राच्या भिंतींवर एकच वाक्य चिकटवून हात झटकले आहेत.

मी तिथेच जमिनीवर बसून संच उघडला. नळीत पातेल्यातलं पाणी घेतलं, पूड टाकली, हलवली आणि घड्याळ लावलं. पाणी गुलाबी व्हायला लागलं, मग गडद गुलाबी, आणि तपासणीच्या कार्डावरच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे गेलं. मग पाखाडी आणखी उतरून विहिरीवर गेलो. शारदाने ओढलेल्या बादलीतलं कच्चं पाणी घेतलं. तेही गुलाबी झालं, थोडं फिकं, पण मर्यादेच्या खूप वर. मी नळी उन्हात धरून उभी राहिले. मला काही कळेना. हेच पाणी मी पुण्यात तपासलं होतं. एक थेंबही गुलाबी झाला नव्हता.

"शारदा, बाटली तू भरलीस ना?"

"मी त्या दिवशी प्रशिक्षणाला रत्नागिरीला होते, मॅडम. सासूबाईंना सांगून गेले होते. त्यांनी भरून वर गाडीत दिली."

घरी येऊन आम्ही भागीरथीबाईंना विचारलं. त्यांनी मुळीच लपवालपवी केली नाही.

"वरच्या देवळाजवळच्या हीरीचा पानी भरला," त्या म्हणाल्या.

"का पण?" शारदा ओरडलीच.

"का म्हंजे? वराडतीस काय? पोर बघायला पावने येतात तवा पोरीला शेनाच्या हातानी बायेर काढतात काय? तोंड धुवून, चांगला लुगडा नेसवून काढतात. पुन्याच्या बाईनी पानी बघायला मागितलान, मी चांगला पानी धाडला. आपला पिवळट पानी धाडून शोभा करून घ्यायची? बाटली पन तीनदा घासली राखेनं."

शारदा डोकं धरून बसली. भागीरथीबाई माझ्याकडे वळल्या. "मी नवरी व्हऊन आले ना बाय, तवा त्या हीरीवर आमची सावली पडून देत नव्हते. आता भरू देतात. मंग तुमाला तिथलाच धाडला."

मला या बाईचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. मला माझाच राग आला. चाळीस वर्षं मी मुलींना बजावलं की नमुना कुणी, कुठून, कसा घेतला हे कळल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा बाटली हातात आल्याचंच समाधान मानलं, आणि सही ठोकून दिली. माझ्या त्या सहीवर विसंबून हे बाळ दोन आठवडे जास्त ते पाणी प्यालं.

त्याच संध्याकाळी आम्ही बाळाला रिक्षात घालून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंना मी नळीतला रंग दाखवला, त्यांनी बाळाच्या टाचेतलं रक्त बघितलं, आणि लगेच कामाला लागल्या. रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होता. रात्री त्या म्हणाल्या, "वेळेत आणलंत. औषध दिलंय, दोन दिवस ठेवून घेते. पण ते पाणी पुन्हा एक थेंबही नको." स्नेहल भिंतीला टेकून रडली. उकळणं तिने केलं होतं ना, तेच तिच्या मनात बसलं होतं. मी तिला म्हटलं, "तुझी काही चूक नाही. चूक माझ्या नावावर आहे." पण ते तिला पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शारदा गावात परत आलो. नायट्रेट विहिरीत आपोआप येत नाही. वाडीत दहाबारा घरं, मोजकी गुरं, भातशेती थोडी. विहिरीच्या वर मात्र हापूसची मोठी बाग आहे. आम्ही गडग्याच्या (दगड रचलेल्या कुंपणाच्या) कडेने चढत गेलो. फवारणी चालू होती. वर एक सिमेंटचा हौद, त्यात औषधं कालवायची. हौदाशेजारी पांढऱ्या पोत्यांची थप्पी. मी चष्मा बदलून वाचलं: पोटॅशियम नायट्रेट. मोहोर चांगला धरावा म्हणून ते पाण्यात विरघळवून कलमांवर मारतात. फवारणी संपली की हौदाच्या तळाचं बूच काढायचं, पिंपं तिथेच विसळायची, आणि ते सगळं पाणी कातळातल्या भेगेत सोडून द्यायचं. जांभा दगड स्पंजासारखा असतो. भेगेत गेलेलं पाणी कुठे जाणार? खाली. खाली काय आहे? विहीर. हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही, डोळे लागतात.

बागायतदार घराच्या पडवीत बसले होते. पन्नाशीचे, गोरे, अगत्यशील. "या काकू, बसा. अगो, कोकम आण ग!" त्यांच्याशेजारी ग्रामसेवकही होता, मोटारसायकलच्या किल्ल्या बोटात फिरवत.

मी हौदाचं सांगितलं. बागायतदारांनी हात उडवला. "काकू, आमची बाग एक नंबर आहे. आंबा परदेशी जातो. नुसता जात नाही, तपासून जातो. कसल्याही औषधाचा अंश राहता कामा नये, नाहीतर सगळा माल परत. थांबा, दाखवतो." त्यांनी आतून फाइल आणली. दरवर्षीचे अहवाल, शिक्के, पानामागून पान. कुठल्या औषधाचा किती अंश, सगळं तक्त्यात मांडलेलं.

मी ती फाइल शेवटपर्यंत वाचली. ईरा, निहार, तुमच्या तोंडात जाणारी आंब्याची फोड तीनतीनदा तपासून तुमच्यापर्यंत येते, आणि ते योग्यच आहे, तुम्हाला काही व्हावं असं मला कधीच वाटणार नाही. पण त्याच कलमाखाली, हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या मुलाचं पाणी कोणी तपासलेलं नाही. मी हे त्यांना जवळजवळ याच शब्दांत म्हटलं.

"तुम्ही स्वतः पिता कुठलं पाणी?" मी विचारलं.

"आमच्याकडे नळ आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बघायला लागले. "बूच गडी काढतात हो. मी काही उभा राहून बघत नाही. बंद करायला सांगतो."

तेवढ्यात ग्रामसेवक बोलला. "पण मॅडम, त्या विहिरीचं पाणी पिण्यायोग्य आहे. रिपोर्ट आहे."

"कुणाचा?"

"तुमचाच की! शारदाताईंनी गावाच्या ग्रुपवर टाकला होता. मी प्रिंट काढून फाइलला लावला. खालच्या वाडीला नळाची लाइन वाढवायचा प्रस्ताव होता ना, त्यावर तुमच्या रिपोर्टच्या आधारे शेरा मारला, सध्याचा स्रोत योग्य, वाढीव लाइनची गरज नाही. जिल्ह्याला गेला पण तो."

कोकमचा पेला माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. "तुम्ही स्वतः कधी त्या विहिरीतलं पाणी घेऊन तपासलंत?"

"नमुना दरवर्षी जातो ना गावाचा."

"कुठून घेता?"

"देवळाजवळून." तो जरा हसला. "गाडी तिथपर्यंतच जाते, मॅडम. ती पाखाडी कोण उतरणार?"

मी उतरले होते. माझं वय एकाहत्तर. हे त्याला सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की आतून कोकम आणणारी बाई दारातच थांबली. परत जाताना पाखाडीवर शारदा म्हणाली, "मॅडम, तुम्हाला इतकं चिडलेलं आम्ही प्रॅक्टिकलला ब्यूरेटची नळी फोडल्यावरसुद्धा बघितलं नव्हतं." विहिरीवर बसून मी चार बाटल्या आणि काळी बाटली भरली. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि विहीर लिहिली, आणि या वेळी शारदाबरोबर वाडीतल्या दोन बायकांच्याही सह्या घेतल्या. काळी बाटली कीटकनाशकांसाठी, कारण ती माझ्या संचाला दिसत नाहीत. सरकारने पंचायतीला दिलेल्या, कपाटात पडलेल्या संचालाही दिसत नाहीत. ज्या भागात बारा महिने फवारणी होते तिथे फवारलेलं औषध ओळखणारी पूडच दिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरीला जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. साहेब बाराला येतील म्हणाले. दवाखान्यात बसण्यापेक्षा मी मिरकरवाड्याला गेले, स्नेहलसाठी ताजी मासळी घ्यावी म्हणून. बंदरात ट्रॉलर लागलेले, बर्फ फोडण्याचा आवाज, पायाखाली चिकचिक. एका टोपलीतले बांगडे मी उलटेपालटे करून बघायला लागले तशी कोळीण म्हणाली, "आजी, बांगडा हाय तो, दागिना नाय. डोळे बघा आनि घ्या."

"बर्फ कुठल्या पाण्याचा?" सवयीने मी विचारलंच.

"आता बर्फाची पन जात बघनार काय?" आजूबाजूच्या सगळ्याजणी हसल्या. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. बांगडे घेतले, रत्नागिरीतच राहणाऱ्या स्नेहलच्या बहिणीकडे पोचवले आणि बाराला कचेरीत हजर झाले.

साहेब आलेच नव्हते. टेबलाशी एक लिपिक होता, नीटनेटका, केसांना तेल.

"माझा एक अहवाल चुकून तुमच्या फाइलला लागलाय. तो मागे घ्यायचा आहे."

"नोंदवहीत आवक झालाय का?"

"झालाय."

"मग मागे नाही घेता येत."

"चुकीच्या विहिरीचा आहे तो!"

"असेल. पण रिपोर्ट मागे घ्यायचा फॉर्मच नाही आमच्याकडे." त्याने पान उलटलं. "नवीन नमुना सरकारी माणसानेच घ्यायचा असतो. आता शिमगा येतोय, मुंबईकर येतील, पालख्या नाचतील, गावात कोणी भेटणार नाही. शिमगा झाल्यावर बघू."

मी भरलेल्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. संच काढला. तिथेच पाणी गुलाबी करून दाखवलं. शेजारच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला आले. लिपिकाने नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा आवाज मुळीच उद्धट नव्हता.

"आजी, हे खरं कशावरून? पहिल्या रिपोर्टवर पण तुमचीच सही होती की."

तीन दिवस मी सगळ्यांवर चिडत होते, तक्त्यावर, हौदावर, ग्रामसेवकावर. इथे एक तरुण माणूस मला सरळ विचारत होता आणि त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याकडे कोरा कागद मागितला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: मी अमुक तारखेला दिलेला अहवाल त्या विहिरीचा नाही. नमुना घेताना मी हजर नव्हते, कुठून घेतला याची खात्री केली नाही, तरी विहिरीचं नाव घालून सही केली. ही माझी चूक आहे. तिच्यामुळे एका तान्ह्या बाळाला अपाय झाला असून ते तुमच्याच शहरातल्या दवाखान्यात आहे. त्या अहवालावर आधारलेला शेरा रद्द व्हावा.

त्याने वाचलं. "असं स्वतःच्या विरोधात लिहून देतं का कुणी? उद्या कोणी केस केली तर?"

"तर मी येईन. शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोच दिली. मग हळूच म्हणाला, "खालच्या वाडीचं ना? शिमग्याच्या आधी कोणाला तरी उतरवतो पाखाडी. लिहून नाही देत, पण बघतो."

चौथ्या दिवशी बाळाला घरी सोडायचं होतं. घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. स्नेहल पहिलटकरीण, तीन महिने माहेरी राहायचं ठरलं होतं. ते संपायला अजून बराच काळ होता. वाडीत बाळाच्या लायक पाणी नव्हतं, आणि रोज पाखाडी चढून देवळापासून पाण्याचा हंडा आणणार कोण? शारदाने स्नेहलच्या सासरी फोन केला. साखरप्याच्या अलीकडे त्यांचं घर आहे, दारात नळ. माझी परतीची गाडी त्याच वाटेने जाणार होती, म्हणून स्नेहल बाळाला घेऊन माझ्याबरोबर निघाली.

भागीरथीबाई पहाटेच्या गाडीने स्थानकावर आल्या होत्या. बाळाला घेतलं, छातीशी धरलं. गाडी लागल्यावर शारदाने त्यांच्या हातातून बाळ घेतलं तेव्हा म्हणाल्या, "माज्या घरात पोराला पानी नाय. पानी नाय म्हून पोर जाता." शारदा म्हणाली, "आत्या, येईल परत." त्या मान फिरवून उभ्या राहिल्या. गाडी हलली तरी त्यांनी मागे बघितलं नाही.

बाळ सगळी वाट झोपलं. ओठ गुलाबी होते. पालीच्या पुढे स्नेहलने दूध कालवलं ते विकतच्या बाटलीतल्या पाण्याने, आणि प्रत्येक वेळी बाटलीचं झाकण माझ्यासमोर धरून विचारत होती, "हे चालेल ना, मॅडम? नक्की?" त्या मुलीचा पाण्यावरचा विश्वासच उडाला आहे. तो कुठली प्रयोगशाळा परत देणार?

थांब्यावर तिची सासू उभी होती. बाळ हातात घेत म्हणाली, "काय ग, माहेरचे कंटाळले वाटतं इतक्यात?" स्नेहलचा चेहरा उतरला. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "कंटाळले नाहीत, त्यांनी जीव वाचवलाय! पाणी खराब आहे तिथलं!" कंडक्टर घंटी ओढत होता. तिला किती ऐकू गेलं, ठाऊक नाही.

पुण्याला पोचून आता महिन्याच्या वर झाला. काळ्या बाटलीत दोन कीटकनाशकांचे अंश सापडले. तो अहवाल मी रजिस्टरने पाठवला. लिपिकाने शब्द पाळला. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात सरकारी माणूस पाखाडी उतरला, पाणी नेलं, आणि नायट्रेट त्यांच्याही नळीत उतरलं. बागायतदारांनी हौदाचं बूच सिमेंटने बुजवलं म्हणतात. नळाच्या लाइनीच्या प्रस्तावावरचा जुना शेरा खोडला गेला आहे, आणि नवीन अजून कोणी लिहिलेला नाही. विहिरीवर मात्र पाटी लागली, लाल अक्षरांत: पाणी पिण्यास अयोग्य.

भागीरथीबाईंना वाचता येत नाही. त्यांनी शारदाला विचारलं, काय लिवलान? तिने वाचून दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ता तर आमाला ठाव हाय. त्यांना आता कळला काय? मंग चांगला पानी कवा येनार ता कुटं लिवलान?"

ते कुठेच लिहिलेलं नाही. वाडी अजून त्याच पाटीखाली बादली सोडते, कारण खाली दुसरी विहीर नाही. स्नेहलचं बाळ चांगलं बाळसं धरतंय, परवा फोटो आला. शारदाने आणि भागीरथीबाईंनीही तो फोटोतच बघितला. त्याला पुन्हा त्या घरी आणायला त्याची आई तयार नाही, आणि तिला दोष कोण देणार?

तुमची आई मला म्हणते की या वयात इतका संताप बरा नाही. मी डॉक्टरांना विचारलं, रक्तदाब ठीक आहे. दर सोमवारी साडेदहाला मी रत्नागिरीच्या त्या कचेरीत फोन करते. आता आवाज ओळखून तो लिपिकच म्हणतो, "हां आजी, बोला."

मी म्हणते, "माझं बोलून झालंय. आता तुम्ही बोला."